मिरजेपर्यंत

गाडीनं एक आचका दिला, मग दुसरा, आणि घशात घास अडकल्यासारखी घरघरून ती गप्प झाली. होता तेवढा वेग वापरून मी ती रस्त्याच्या कडेला, एका बाभळीच्या विरळ सावलीत नेऊन उभी केली. जत सोडून आम्हाला फार वेळ झाला नव्हता.

"काय झालं गं?" मागच्या सीटवरून अंबूआत्यानं विचारलं.

"बंद पडली."

"ते कळलं मला. का पडली?"

"बघते."

मे महिन्याचं ऊन होतं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं आणि मध्ये तापलेला डांबरी रस्ता. मी खाली उतरले, तेव्हा चपलेतून चटका बसला. आत्या जागची हलली नाही. तिनं मांडीवरचा थर्मास दोन्ही हातांनी उभा धरला होता. त्याच्याभोवती ओला पंचा गुंडाळलेला होता. थर्मासमध्ये बर्फ होता आणि बर्फात ठेवलेल्या दोन छोट्या बाटल्यांमध्ये माझ्या बाबांचे डोळे होते.

बाबा त्याच दिवशी पहाटे गेले होते. जतच्या बाजारपेठेत त्यांचं औषधांचं दुकान होतं. कधीतरी दुकानासमोर डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "मी गेलो की रडत बसू नका, आधी हिरेमठ डॉक्टरांना बोलवा." शेवटच्या चार महिन्यांत, अंथरुणाला खिळल्यावर, त्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं की आई वैतागायची. पण पहाटे त्यांचा श्वास थांबला, तेव्हा सगळ्यांत आधी आईच उठली आणि मुकुंदाला म्हणाली, "जा, डॉक्टरांना घेऊन ये."

मुकुंदा माझा धाकटा भाऊ. तो गेला आणि डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी आतल्या खोलीचं दार लावून त्यांचं काम केलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात हा थर्मास होता.

"मिरजेला फोन लागला," ते म्हणाले. "तिथले मोठे सर्जन आज संध्याकाळपर्यंतच आहेत, उद्या बाहेरगावी जातायत. दोन पेशंट तयार ठेवतायत. माझी जीप नेमकी गॅरेजमध्ये. एसटीच्या भरवशावर राहू नका. तुमची गाडी चालू आहे ना?"

गाडी होती. पण बाबांनंतर ती चालवता येणारी घरात मी एकटीच होते. मुकुंदाला गाडीत कधी रस नव्हता, आणि त्या दिवशी त्याला अग्नी द्यायचा होता. गावातल्या मुली सायकल शिकत होत्या त्या वयात बाबांनी मला बाजाराच्या रिकाम्या मैदानावर गाडी शिकवली होती. लोक हसायचे. बाबा म्हणायचे, "हसू देत. तू क्लचकडे लक्ष दे."

मी बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, थर्मास घेतला आणि बाहेर पडले. माझ्या डोळ्यांत तोवर पाण्याचा थेंब आला नव्हता. काहीतरी करायचं हाती होतं, याचंच बरं वाटत होतं.

अंबूआत्या बाबांची थोरली बहीण. आजी लवकर गेल्यामुळे हिनंच बाबांना लहानाचं मोठं केलेलं. नवऱ्यामागं ती तासगावला दिरांकडे राहायची. भाऊ आजारी पडल्याचं कळलं, तशी पिशवी घेऊन आली आणि मग परत गेलीच नाही. पहाटे डॉक्टर आत गेले तेव्हा बंद दारासमोर ती एकटीच बोलत होती. "अख्खा आलाय, अख्खा जाऊ द्या त्याला. असं अपुरं कुणी जाळतं व्हय?"

त्यामुळे मी गाडीचं दार उघडलं आणि मागं ती आधीच बसलेली दिसली, तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. शेजारी तिचा फिरकीचा तांब्या होता.

"तू कुठं?"

"तुझ्यासंगं. दे ते हिकडं. मी धरते. तू कशी धरणार, गाडी चालवायची का ते धरायचं?"

वाद घालायला वेळ नव्हता. तरण्या मुलीनं एकटीनं एवढा रस्ता जाऊ नये म्हणून आली असेल, असं मी समजले.

मी बॉनेट उघडलं. बाबांनी गाडी चालवायला शिकवताना एक अट घातली होती. गाडी बंद पडली तर घाबरायचं नाही आणि स्टार्टर मारत बसून बॅटरी उतरवायची नाही. आधी विचार करायचा. गाडीला दोनच गोष्टी लागतात, ठिणगी आणि पेट्रोल. यातलं कुठलं पोचत नाहीये, ते शोधायचं.

चोक आत ढकललेला होता. वायरी जागच्या जागी होत्या. चार महिने गाडी उभी होती, म्हणजे प्लग खराब झाले असणार, असं मी धरून चालले. डिकीतून पाने काढले. एक-एक प्लग काढून पॉलिश पेपरनं घासला. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवरूनही कागद फिरवला. हात काळे झाले. आत्या काचेतून बघत होती.

सगळं परत बसवून स्टार्टर मारला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

"झालं?" आत्या म्हणाली.

"झालं. प्लगच होते."

मला फार बरं वाटलं. गार वारा नव्हता, पण काचेतून येणारा गरम वारासुद्धा चांगला वाटला. बाबा असते तर त्यांनी नुसतं "हं" म्हटलं असतं. त्यांच्या त्या "हं" मध्ये शाबासकी असायची.

पुढच्या एका चढावर गाडी पुन्हा आचके द्यायला लागली. मी गिअर बदलला, पाय दाबला. काही उपयोग झाला नाही. चढ संपायच्या आधीच ती थांबली.

या वेळी आत्यानं विचारायची मी वाट बघितली नाही. मीच बोलायला लागले.

"ऊन फार आहे ना. पेट्रोलचा पंप तापला की पेट्रोलची वाफ होते आणि पुढं येत नाही. बाबा म्हणायचे, ओलं फडकं ठेवायचं. पाणी आहे?"

तिनं फिरकीचा तांब्या पुढं केला. "समदं नको सांडूस. ह्या पंच्यावर बी मारायचं हाय."

मी डिकीतलं फडकं भिजवून पंपावर ठेवलं. चर्र आवाज झाला. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचं, असं थोडा वेळ करत राहिले. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. बैलगाडीवाला आमच्याकडे बघत बघत गेला. एक बाई कोपरापर्यंत काळे हात घेऊन गाडीत डोकं घालून उभी, आणि दुसरी मागं नऊवारीत थर्मास धरून बसलेली. त्यानं काय विचार केला असेल, देव जाणे.

गाडी पुन्हा चालू झाली. पुन्हा मला वाटलं, सापडलं. पण या वेळी मी आत्याला तसं सांगितलं नाही, आणि कान इंजिनाकडे लावून गाडी चालवत राहिले. कवठेमहांकाळ अजून पुढं होतं. मिरज तर त्याच्याही पुढं. सूर्य डोक्यावरून थोडा कलला होता. तिकडे घरी आता बाबांना अंघोळ घालत असतील, असा विचार आला. मी तो बाजूला सारला.

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली, ती भर माळावर. जवळ झाडसुद्धा नव्हतं.

आता मी कार्ब्युरेटरवर आले. वरचं झाकण खोलून जेट काढला. सुईएवढं भोक असलेला तो पितळी तुकडा तोंडात धरून फुंकला. जिभेवर पेट्रोलची चव पसरली. भोकातून पलीकडचं आकाश दिसत होतं, म्हणजे कचरा नव्हता. कार्ब्युरेटरच्या वाटीत बघितलं. पेट्रोल होतं, पण अगदी तळाला. पेट्रोल येत होतं, पण पुरेसं येत नव्हतं. का? ते मला समजेना. जेट परत बसवताना तो हातातून निसटून खाली पडला आणि मी गुडघ्यांवर बसून मातीत शोधायला लागले.

तेवढ्यात एक दुधाची व्हॅन येऊन थांबली. ड्रायव्हर मध्यम वयाचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. शेजारी आणखी दोघं दाटीवाटीनं बसलेले.

"काय वो ताई, काय झालं?"

मी सांगितलं. म्हणजे सगळंच सांगितलं. थर्मासात काय आहे, कुठं जायचंय, डॉक्टर संध्याकाळपर्यंतच आहेत. तो उतरून खाली आला. त्यानं टॉवेल सोडून हातात घेतला.

"मी मिरजेलाच चाललोय," तो म्हणाला. "पन तुमाला बसवू कुठं? फुडं जागा न्हाई, मागं समदे कॅन. एक काम करा. ते माझ्याकडं द्या. दवाखाना माझ्या वाटंवरच हाय. थेट डॉक्टरच्या हातात देतो, आईशपथ."

मला तो देवासारखा वाटला. मी मागचं दार उघडलं. "आत्या, दे."

आत्यानं थर्मास छातीशी धरला. "न्हाई."

"अगं, हे मिरजेला चाललेत. वेळेत पोचेल."

"मी देनार न्हाई."

"आत्या!"

"परक्याच्या हातात देनार न्हाई म्हणजे न्हाई. त्यांचा काय राग न्हाई मला. पन देनार न्हाई."

माझा तोल गेला. सकाळपासून आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं. "तुला हे पोचायलाच नकोय! सकाळी दारासमोर बसून काय बोलत होतीस, ऐकलंय मी. बाबांची एवढी एकच इच्छा होती. तेवढीही तू पुरी होऊ देणार नाहीस!"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. पंच्याचं सुटलेलं टोक तिनं थर्मासभोवती पुन्हा नीट खोचलं.

ड्रायव्हर अवघडला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई. मावशीचं बी बरोबर हाय. मी असं करतो, दवाखान्यात सांगून ठेवतो. गाडी वाटंत बंद पडलीय, पन माणसं येत्यात म्हणून. म्हणजे ते थांबतील." त्यानं व्हॅनमधून पाण्याची कळशी काढून आमचा तांब्या भरून दिला, टॉवेल पुन्हा डोक्याला गुंडाळला आणि तो निघून गेला.

त्याचं नाव मी विचारलं नाही. ते सुचायला हवं होतं, एवढंच वाटतं.

जेट सापडला. तो पुसून बसवला. स्टार्टर मारला. गाडी चालू झाली. आता मात्र मला आनंद झाला नाही, कारण यातलं काहीच खरं नाही हे मला कळून चुकलं होतं. मी काहीही केलं तरी गाडी चालू होत होती, आणि काहीही केलं तरी पुन्हा बंद पडत होती.

चौथ्या वेळी मी नुसतीच बसून राहिले. मग वाटलं, पेट्रोलच संपत आलंय की काय. गाडीतला पेट्रोलचा काटा कधीच मेला होता. टाकीत काठी घालून बघायची पद्धत होती. मी मागं गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं. ते नेहमीपेक्षा घट्ट बसलेलं होतं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा निघालं. काठी घातली. पेट्रोल भरपूर होतं. झाकण घट्ट लावून मी पुढं आले आणि सवयीनं स्टार्टर मारला.

गाडी लगेच चालू झाली. या वेळी मी बॉनेटला हातसुद्धा लावला नव्हता.

"शालन," आत्या मागून म्हणाली. भांडणानंतर ती पहिल्यांदा बोलत होती. "आता तू मागं काय केलंस?"

"काही नाही. पेट्रोल बघितलं."

"झाकण काढल्यावर आवाज कसला आला?"

"आवाज?"

"मी हितंच बसलीय की, टाकीच्या फुडं. तू झाकण काढलंस आन हुस्स करून आवाज झाला. वारं आत ओढल्यावानी."

मी गाडी चालू ठेवून तिच्याकडे वळले. "आत ओढल्यासारखं?"

"व्हय. गोडेतेलाच्या डब्याला येतो बघ तसा. डब्याला एकच भोक पाडलं की तेल कसं येतंय? आधी येतंय, मग गुडगुड करतंय, मग बंदच. आत वारं जायाला दुसरं भोक पाडावं लागतंय."

मी इंजिन बंद केलं आणि उतरून टाकीचं झाकण पुन्हा काढलं. हातात घेऊन नीट बघितलं. ते नवं होतं. बाबा आजारी असताना अंगणात उभ्या गाडीतून कुणीतरी पेट्रोल चोरलं होतं आणि जुनं झाकणही नेलं होतं. मुकुंदानं डब्यातून पेट्रोल आणून भरलं होतं आणि कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचं झाकण आणून बसवलं होतं. आमच्या जुन्या झाकणाला आतल्या बाजूनं एक बारीक भोक होतं. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, हे कशाला? ते म्हणाले होते, टाकीला श्वास घ्यायला. या झाकणाला भोक नव्हतं. पेट्रोल बाहेर जात होतं आणि त्याच्या जागी हवा आत येत नव्हती. थोड्या वेळानं टाकीच पेट्रोल धरून ठेवत होती. मी प्लग घासत बसायचे, फडकी भिजवायचे, तेवढ्या वेळात कुठूनतरी फटीतून हवा आत झिरपायची आणि गाडी पुन्हा चालायची. मला वाटायचं, मी दुरुस्त केली.

मी हसायला लागले. त्या उन्हात, त्या दिवशी, मी झाकण हातात धरून हसत होते. मला काय झालं ते आत्याला कळेना.

"आत्या, तुझंच खरं! दुसरं भोक पाडायचंय!"

"मग पाड की."

पान्यांच्या पिशवीत एक जाड खिळा होता. झाकण घेऊन मी गाडीपासून लांब, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडापाशी गेले. खिळा धरून मोठा पाना मारला. खिळा वाकडा झाला. पुन्हा मारला. अंगठ्यावर बसला.

"थांब," आत्या म्हणाली. ती गाडीतून उतरली होती. थर्मास तिनं माझ्या हातात दिला. सकाळपासून पहिल्यांदाच तो तिनं कुणाच्या हातात दिला होता. "उभा धर. हलवू नगंस." मग ती नऊवारीचा काचा सावरून दगडापाशी उकिडवी बसली, खिळा दगडावर ठेवून सरळ केला, झाकणावर टेकवला आणि पान्याचा एकच नेमका घाव घातला. खिळा आरपार गेला. काढून तिनं झाकण डोळ्यांसमोर धरलं, भोकातून आभाळ बघितलं आणि जरा अंतरावर आणखी एक घाव घातला.

"दोन कशाला?"

"एक बुजलं तर?"

मी थर्मास धरून उभी होते. तो हातात घेतल्यावर कळलं, किती हलका होता. झाकण जागेवर बसवून आम्ही निघालो. पहिला चढ आला, मी श्वास रोखून धरला. चढ गेला. कवठेमहांकाळ आलं, मागं पडलं. गाडी अशी पळत होती, की जणू चार महिने तिला कुणी कोंडून ठेवलं होतं.

"आता न्हाई बंद पडायची," आत्या म्हणाली, आणि मला ते पटलं.

मिरजेत पोचलो तेव्हा ऊन भिंतींवर तिरपं आलं होतं. डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारात एक परिचारिका आमचीच वाट बघत उभी होती. उंच, सावळी, पांढऱ्याशुभ्र साडीतली. तिचं नाव सिस्टर सालोमी.

"जतहून ना?" ती म्हणाली. "दूधवाले सांगून गेले, तुम्ही वाटेत आहात म्हणून. डॉक्टर थांबलेत. या."

तिनं हात पुढं केले. मला वाटलं, आत्या पुन्हा नाही म्हणेल. पण आत्यानं पंचा सोडवला, थर्मास एकदा कपाळाला लावला आणि तिच्या हातांत ठेवला.

"कुणाचे?" सिस्टरनं विचारलं.

"माझ्या भावाचे. भालू त्याचं नाव. भालचंद्र."

सिस्टर नुसती मान हलवून आत जाऊ शकली असती. तिला घाई होती. पण ती थांबली आणि म्हणाली, "भालचंद्रांना आम्ही नीट सांभाळू, मावशी. तुम्ही काळजी करू नका." मग ती आत गेली. काचेचं दार झुलत बंद झालं.

आम्हाला कुणीतरी चहा आणून दिला. आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून तो घेतला. माझे हात अजून काळेच होते. बशीला डाग पडले.

"आत्या," मी म्हणाले, "मघाशी मी नको ते बोलले."

"बोलू दे. राबलीस किती."

"पण तू त्या दूधवाल्याला दिलं का नाहीस?"

तिनं चहा संपवला. कप बाजूला ठेवला. मग रस्त्याकडे बघत बोलायला लागली.

"आई गेली तवा मी लहान हुते. दारापातूर जाऊ दिलं. बाप गेला तवाबी दारापातूर. मालक गेले तवा तर उंबऱ्याच्या आतच धरून ठिवलेलं बायकांनी. मानसं खांद्यावर घेऊन जायाची आन आपण दारात हुभं ऱ्हायचं. ती वळणाआड गेली की संपलं. तितं काय होतंय, कसं होतंय, कुणी सांगत बी न्हाई. सकाळी तू ते घेऊन निघालीस, आन मला वाटलं, आज माझ्या भावासंगं मला जायाला मिळतंय. एवढूसा का हुईना, पन त्योच की. मग वाटंत दुसऱ्याच्या हातात कसा सोडू?"

"पण तुला तर हे पटलंच नव्हतं."

"न्हवतंच पटलं. आताबी समदं पटलंय असं न्हाई. पन जायाचंच ठरल्यावर त्यानं एकट्यानं कशापायी जावं?" पदरानं तिनं तोंड पुसलं. "पोरी, जल्मात पयल्यांदा मी कुणाला शेवटपातूर पोचवलं."

तेव्हा मला रडू आलं. पहाटेपासूनचं सगळं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडले आणि ती माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर रडणाऱ्या बायका त्यांना नव्या नसाव्यात.

या गोष्टीला आता पस्तीसेक वर्षं झाली. पुढं हिरेमठ डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या. कुणाला डोळे मिळाले ते आम्हाला कळलं नाही, कळायचं नसतंच. पण जतमध्ये, मिरजेत, सांगलीच्या बाजारात अनोळखी माणूस माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, की मला राग येत नाही. आत्या नंतर बरीच वर्षं जगली. आईच्या सोबतीला आमच्याकडेच राहिली. तिला मी कधी नीट सांगितलं नाही की तू त्या दिवशी गाडीत येऊन बसलीस म्हणून मी पोचले. नुसता थर्मास नाही, मीसुद्धा पोचले. तिला ते कळलं असेल, असं मी धरून चालते.

त्या दिवशी परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडी एकदाही थांबली नाही. घरात माणसं भिंतींना टेकून बसली होती. शेजारून आलेलं पिठलं-भाकरी कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. आईनं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, असं मुकुंदा म्हणाला. स्मशानातून आल्यापासून तो तिच्यापुढं उकिडवा बसून सांगत होता, "तिकडचं सगळं नीट झालं, आई. काही काळजी करू नको." आई मान हलवत होती. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं.

अंबूआत्यानं पाय धुतले आणि आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. आईचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला, जिथं दिवसभर थर्मास होता.

"ऐक," ती म्हणाली. "निघालो बघ हितनं. गावाच्या भाईर पडलो न पडलो, तवर बाभळीपाशी तुझ्या नवऱ्याची गाडी बंद."

आईनं मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

"मग?" ती म्हणाली.